साडेतीनचा आकडा

आमच्या रोंगक्वांग तालुक्यात मोटारसायकली दुरुस्त करणारे सतरा जण होते. चांग थविनच्या मते त्यातले पाच जन्मजात गाढव होते आणि अकरा त्याने स्वतः शिकवलेले गाढव होते. सतरावा तो.

चांग म्हणजे मिस्त्री. आमच्याकडे हे बिरुद ज्याच्या हातात पाना दिसेल त्याला लावतात. थविनसमोर दुसऱ्या कुणाला लावलं, की तो रस्त्याकडे तोंड करून थुंकायचा आणि मग गिऱ्हाइकाला विचारायचा, "हं, काय म्हणत होतास?" वय अठ्ठावन्न. अंगात निळीत रंगवलेला सुती सदरा, तोही इस्त्रीचा. दिवसभर इंजिनात हात घालून त्या सदऱ्यावर तेलाचा एक डाग पडत नसे, आणि ही गोष्ट तो प्रत्येकाच्या लक्षात आणून देत असे.

त्याचा पहिला राग हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळणाऱ्यांवर. "अंदाजाने मीठ घालावं," तो म्हणायचा, "तेही बायकोला विचारून." दुसरा राग मोबाइलवाल्यांवर. गाडी समोर उघडी पडलेली असताना ही मंडळी मोबाइलवर विचारत बसतात की अमुक बोल्ट किती आवळायचा. चौघे चार आकडे सांगतात, पाचवा अंगठा वर करतो, सहावा ताईत विकायला येतो. तिसरा राग सोमवारच्या बाजारात झेरॉक्स पुस्तकं विकणाऱ्यावर. त्याच्याकडे कुठल्याही गाडीचं पुस्तक मिळतं. वर चित्र सव्वाशे सीसीचं, आत मजकूर शंभरचा, आणि नेमकं आकड्यांचं पान झेरॉक्सच्या यंत्राने अर्धं गिळलेलं. थविनने त्यातलं एक मुद्दाम विकत आणून संडासाच्या दाराला टांगलं होतं.

हे सगळे राग रास्त होते. तक्रार एवढीच, की माणसाचे सगळे राग रास्त निघाले तर त्याला आपण स्वतःही रास्त आहोत असं वाटायला लागतं.

थविनचा आकडा असा कुठून उचललेला नव्हता. तो ख्रू उदोमच्या वहीतला होता. ख्रू म्हणजे गुरू. हा ख्रू उदोम फ्रे शहरात भातगिरणीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा आणि बोलणं म्हणजे दात काढून देणं असल्यासारखा बोलायचा. शिष्याने प्रश्न विचारला तर उत्तराऐवजी हाताशी असेल ते फेकून मारायचा. थविनने तिथे नऊ वर्षं काढली, तीन टाके घालून घेतले, प्रश्न विचारणं सोडून दिलं. ख्रूकडे कंपनीचं अस्सल दुरुस्तीचं पुस्तक होतं. त्यावरून ख्रूने कुठला बोल्ट किती आवळायचा त्याचे सगळे आकडे हिरव्या वहीत उतरवले होते. पुढे पुस्तक वाळवीने खाल्लं, वही राहिली. आणि ख्रूचा टॉर्क पाना राहिला. या पान्याच्या मुठीवर आकडा लावायचा. बोल्ट तेवढा आवळला गेला की पाना टक् असा आवाज करतो, आणि तिथे हात थांबवायचा. ख्रू गेल्यावर त्याच्या विधवेने दोन्ही वस्तू थविनच्या हातात दिल्या. इतर शिष्यांना काहीच मिळालं नाही, हे थविन आजही चवीने सांगतो.

आता गुरूचा पाना कुणी वापरतं का? थविनने तो देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. त्याला झेंडूची माळ घातली, सोन्याचा वर्ख लावला. कामाला त्याने नवाकोरा पाना आणला, प्रमाणपत्रासकट, आणि प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीला लावलं. आकडे वहीतले, पाना नवा. इंजिनाच्या पोटाखाली जुनं ऑइल सोडायचा जो बोल्ट असतो, त्याला वहीत साडेतीन लिहिलं होतं. मीटरभर लांब दांडीच्या टोकाला साडेतीन किलो टांगले तर जेवढा पीळ बसेल, तेवढा. चौदा वर्षं थविन तो बोल्ट साडेतीनवर आवळत आला.

दर जूनमध्ये एका गुरुवारी त्याच्याकडे गुरुवंदना असायची. अकरा शिष्य आपापली हत्यारं घेऊन यायचे, डुकराचं डोकं, उकडलेली अंडी, केळी, तांदळाची दारू देव्हाऱ्यासमोर मांडायचे. थविन हत्यारांना पांढऱ्या गंधाची बोटं लावायचा. मग तो वही उघडून सगळे आकडे खड्या आवाजात वाचायचा आणि अकरा जण माना खाली घालून आपापल्या वह्यांशी ताडून बघायचे. वाचून झालं की दरवर्षी तेच वाक्य. "जो हा आकडा बदलेल तो गुरुद्रोही. त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका." मग जेवण.

या चौदा वर्षांत आमच्या तालुक्यात एक रोग पसरला. ऑइलच्या बोल्टचे आटे जायचे. इंजिनाचं पोट अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. दर दोन महिन्यांनी उघडायचा, आवळायचा, आणि एक दिवस बोल्ट नुसताच गोल गोल फिरायला लागायचा. बाकीचे नट पोलादात बसतात, ते सोसून घेतात. हे पोट सोसत नाही. थविनकडे याची कारणं तयार होती. बोल्ट हलक्या मालाचे. मालक आडमुठे. आणि मुख्य कारण, शिष्यांचे हात. "म्हशीचे हात आहेत तुमचे. पाना टक् म्हणतो तरी रेटता." गेलेल्या आट्यांच्या जागी नवं कडं बसवण्यात त्याच्याइतकं सफाईदार दुसरं कुणी नव्हतं. असणार कसं, एवढा सराव कुणाला होता?

थविनची मुलगी ओरावन डोंगरात हुआय फ्रिकच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होती. बापाचं नाक आणि बापाची जीभ, दोन्ही तिने घेतलं होतं. आठवड्यातून तीनदा ती लस आणि औषधांचा डबा घेऊन केंद्रापासून चढणाऱ्या रस्त्याने वरच्या पाड्यांवर जायची. तिची गाडी योत बघायचा. योत हा थविनचा अकरावा शिष्य, त्याचं दुकान त्याच रस्त्याच्या पायथ्याशी, केंद्राजवळच.

मे महिन्यात एका सकाळी उतारावर तिच्या गाडीचा ऑइलचा बोल्ट गळून पडला. सगळं ऑइल मागच्या चाकावर आलं आणि गाडी वळणावरून घसरली. खाली बांबूचं बेट होतं म्हणून ती वाचली. मनगट मोडलं, खांदा सोलून निघाला. डॉक्टरांनी सहा आठवडे प्लास्टर सांगितलं.

थविन दवाखान्यातून निघाला तो थेट बाजारात गेला. योत शेवयांच्या गाड्यावर नाश्ता करत होता. अख्ख्या बाजारासमोर थविनने त्याच्या पुढ्यातला वाडगा उचलून रस्त्यावर ओतला.

"तुला बोल्ट आवळायला दिला होता की डुक्कर बांधायला?"

योत उठून उभा राहिला, हात जोडून. "ख्रू, मी साडेतीनवरच आवळला होता. पाना टक् म्हणाला, मी थांबलो. आईची शपथ."

"मग आटे काय उंदरांनी खाल्ले?"

"मला वाटतं ख्रू," योत खाली बघत म्हणाला, "आकडाच जास्त असेल. माझ्याकडे या वर्षात नऊ गाड्यांचे गेलेत."

थविन हसला. त्याचं ते हसणं ज्याने पाहिलंय त्याला ठाऊक आहे, त्यापेक्षा थोबाडीत परवडली. "आकडा जास्त आहे, म्हणतो. ख्रू उदोम चुकले आणि हा म्हशीच्या हातांचा प्राणी बरोबर. ऐका रे सगळे, आता याची वही चालवायची." बाजार हसला. बाजाराचं काय जातंय हसायला? योतने शेवयांचे पैसे ठेवले आणि तो निघून गेला.

ओरावन घरी आली. प्लास्टरमधला हात उशीवर, दुसऱ्या हातात मोबाइल. तीन आठवडे ती तेच करत बसली होती. थविनने येता जाता टोमणे मारले.

"काय, अंगठे वर करणारे भेटले का?"

"भेटले की. त्यांना सोडलं आणि पुढे गेले," ती म्हणाली. बापाला ती पो म्हणायची. "पो, मी पेशंटला औषध कुणाच्या पणजोबाच्या वहीतून देत नाही. बाटलीवरचं वाचते, मग पुस्तकात बघते. दोन्ही जुळलं तर देते."

"इंजिन म्हणजे खोकल्याचं औषध नाही."

"म्हणून तर त्याचं पुस्तक शोधतेय."

तिने शोधलं ते पद्धतशीर शोधलं. आधी इंजिनावर कोरलेला नंबर उतरवला, कारण एकाच नावाची गाडी चार तऱ्हांची निघते. मग कंपनीच्या प्रशिक्षण शाळेतल्या एका मास्तरांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही म्हणून दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. शेवटी मास्तर कंटाळले आणि त्यांनी पुस्तकाच्या तीन पानांचे फोटो पाठवले: मुखपृष्ठ, छापल्याचं वर्ष आणि कुठल्या इंजिनाचं ते सांगणारं पान, आणि आकड्यांचं पान. ऑइलचा बोल्ट, अडीच. एवढ्याने तिचं समाधान झालं नाही. तिने भावाला आपल्या पडलेल्या गाडीची सीट उघडायला लावली. सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका होती, जी आमच्याकडे लोक लॉटरीची तिकिटं चुरगळू नयेत म्हणून जपतात. तिच्यात ऑइल कसं बदलावं त्याचं पान होतं. त्यावरही अडीच.

म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक गाडीच्या सीटखाली बरोबर आकडा होता. अकरा शिष्य आणि त्यांचा ख्रू रोज त्याच सीटवर बसून पुड्या उघडून भात खात होते.

तिने दोन्ही पानं बापासमोर ठेवली. थविनने ती बोटाच्या टोकाने परत सरकवली. "कंपनीवाले एसीत बसून लिहितात. ख्रू उदोमने बोल्टला हात लावून लिहिलंय."

"तुम्हाला वही वाचता येते पो, पाना वाचता येत नाही."

हे वाक्य त्याला झोंबलं. त्याच दुपारी त्याने गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि नवा पाना व्हाइसमध्ये आडवा धरला. पान्याची मूठ मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर. तिथे त्याने एक कापडी पिशवी टांगली. अर्ध्या मीटरवर सात किलो म्हणजे मीटरवर साडेतीन, एवढा हिशेब त्याला येत होता. पाना साडेतीनवर लावला आणि पिशवीत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या एकेक करून सोडू लागला. ओरावन स्टुलावर बसून मोजत होती. सातव्या बाटलीला टक् झालं.

"बघ," थविन म्हणाला. "खोट नाही पान्यात."

"नाहीच आहे. आता तो घ्या." तिने देव्हाऱ्याकडे मान वळवली.

 थविनने देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकले, क्षमा मागितली, माळ काढली आणि ख्रू उदोमचा पाना खाली घेतला. मुठीवरचे आकडे वर्खाखाली गेले होते, ते त्याने नखाने मोकळे केले. साडेतीनवर लावला. एक, दोन, तीन, चार बाटल्या. पाचवी सोडली आणि टक् झालं.

त्याने बाटल्या काढून पुन्हा भरल्या. पाचवीलाच. पुन्हा. पाचवीलाच.

अर्ध्या मीटरवर पाच किलो म्हणजे अडीच. ख्रूच्या पान्याची स्प्रिंग केव्हाच मेलेली होती आणि ख्रूला ते ठाऊक होतं. खऱ्या अडीचला त्या पान्यावर साडेतीन लावावे लागतात, म्हणून त्याने वहीत साडेतीन लिहिलं. वही त्या पान्याची होती. हे एक वाक्य त्याने नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं असतं तर डोक्यात हातोडी बसली असती. आणि या भक्ताने काय केलं, तर वहीचं जोडीदार हत्यार माळ घालून फळीवर चढवलं आणि प्रमाणपत्रवाला खरा पाना आणून चौदा वर्षं तालुक्याची इंजिनं फाडली. नास्तिक असता तर गुरूचाच पाना वापरून मोकळा झाला असता आणि एक आटा गेला नसता. असली भक्ती पाहिली की मला देवाचीच कीव येते.

थविन बाटल्यांकडे बघत म्हणाला, "तो पोरगा खरं बोलत होता."

"कोण पोरगा?"

"योत."

 ओरावनचं प्लास्टर काढायला अजून तीन आठवडे होते. ते निघालं की ती पुन्हा त्याच चढावर जाणार होती, आणि त्या रस्त्यावर तिच्या केंद्रातल्या दोन दायांच्या, शाळेच्या मास्तरांच्या, पाड्यावरच्या बायाबापड्यांच्या गाड्या अकरा दुकानांतून साडेतीनवर आवळून निघत होत्या. थविनला रात्र रात्र दुसरं काही दिसेना.

गुरुवंदनेचा गुरुवार आला. अकराच्या अकरा जण आले, योतसुद्धा, मागच्या रांगेत. डुकराचं डोकं मांडलं गेलं. थविनने वही उघडली, चाकाचे आकडे वाचले, ब्रेकचे वाचले, आणि ऑइलच्या बोल्टपाशी थांबला.

"इथून पुढे हा अडीच," तो म्हणाला. "बाकीचेही सगळे उतरतील, मी तपासून देतो. चूक माझी आहे. ख्रूंची नाही."

मग त्याने पान्याची, बाटल्यांची सगळी हकीकत सांगितली. त्याला अशा गोष्टी सांगायची सवय नव्हती, त्यामुळे वाईट सांगितली. सगळ्यात जुना शिष्य देच, पोट सुटलेला, सगळ्यात मोठ्या दुकानाचा मालक, शांतपणे ऐकत होता.

"वहीत काय लिहिलंय, ख्रू?"

"साडेतीन."

"अक्षर कुणाचं?"

"ख्रू उदोमचं."

"आणि पान्यावरचा वर्ख कुणी खरवडला?"

 देचने इतरांकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते थविनने ओळखलं असणार, कारण ते त्याचंच होतं. अडीच मान्य करायचं म्हणजे चौदा वर्षांतला प्रत्येक गेलेला आटा आपल्या डोक्यावर घ्यायचा, प्रत्येक गिऱ्हाइकाला झापलेलं परत गिळायचं. अकरा दुकानांत एवढ्या मोठ्या तोंडाचा माणूस नव्हता. देच म्हणाला, "आकडा बदलणाऱ्याच्या हातचं पाणी पिऊ नये, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत." त्याने देव्हाऱ्याला हात जोडले, थविनला नाही, आणि आपली हत्यारं उचलली. बाकीचे त्याच्यामागे गेले. योतही गेला. जेवण तसंच राहिलं.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ओरावन कामावर रुजू व्हायला निघाली. गाडीच्या इंजिनात थविनने स्वतः नवं कडं बसवून दिलं होतं. पण दर दोन महिन्यांनी ती काही खाली येणार नव्हती. कड्याचा कीस धुऊन निघावा म्हणून पहिलं ऑइल लगेच बदलायचं होतं, आणि ऑइल बदलायला योतचंच दुकान. म्हणून थविन बसने आधीच पुढे जाऊन योतच्या दुकानात बाकावर बसला. ओरावन आली, गाडी स्टँडवर चढवली आणि केंद्रात हजेरी लावायला चालत गेली. योतने ऑइल सोडलं, बोल्ट पुसला, नवा वायसर घातला. पाना हातात घेऊन मुठीवर साडेतीन लावले.

"अडीच लाव," थविन म्हणाला.

"म्हशीचे हात आहेत, ख्रू. त्यांना वहीतलंच कळतं."

"योत. तू बाजारात बोललास ते खरं होतं."

"तेव्हा माझ्या शेवया रस्त्यावर होत्या." योतने मान वर केली नाही. त्याने पाना बोल्टला लावला.

थविन बाकावरून उठला आणि त्याने योतपुढे हात जोडले. आमच्याकडे मोठ्याने लहानापुढे असे आधी हात जोडले तर लहानाचं आयुष्य घटतं म्हणतात. योत पाना टाकून मागे सरकला, पत्र्याला टेकला. "असं नका करू, ख्रू. खाली घ्या हात." थविनने घेतले नाहीत. योतने पाना उचलला, मूठ फिरवून अडीचवर आणली आणि बोल्ट आवळला. टक् झालं तसा त्याचा हात तिथल्या तिथे थांबला. थविनने ते पाहिलं. इतका हलका हात त्याच्या अकरांत दुसरा नव्हता.

योतने ओरावनची गाडी बाजूला लावली आणि रांगेतली पुढची ओढली. ती एका सुइणीची होती. ऑइल सोडलं, बोल्ट पुसला, आणि मूठ फिरवून पुन्हा साडेतीनवर नेली.

"ती तुमच्यासाठी केली," तो म्हणाला. "ही ख्रू उदोमसाठी."

थविनने पुन्हा हात जोडले.

"असं किती वेळा करणार?" योतने विचारलं.

थविनने रांगेकडे पाहिलं. सुइणीच्या मागे आणखी चार गाड्या होत्या. त्याने हात खाली घेतले नाहीत.